अर्थ लागला, गाणं राहिलं

रॅप न ऐकण्याची माझ्याकडे तीन कारणं होती. एक, त्यात चाल नसते. दोन, स्वतःची टिमकी आणि शिव्या यांपलीकडे त्यात फारसं काही नसतं. तीन, त्यातले शब्द मला कळत नाहीत. तिसरं कारण मी कोणाला सांगत नसे. दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्या, इंग्रजीत मीटिंगा करणाऱ्या माणसाला इंग्रजी गाणं कळत नाही हे कबूल करायला जीभ रेटत नाही. मग पहिल्या दोन कारणांवर भागवावं लागतं.

२०१८च्या एप्रिलमध्ये केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पाश्चात्य अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर ते जाण्याची ती पहिलीच वेळ. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर वाद सुरू झाल्यावर मी त्या गाण्यांचे शब्द इंटरनेटवर शोधले आणि वाचले. ऐकले नाहीत, वाचले. मर्ढेकर आणि कोलटकर वाचल्यामुळे आपल्याला कविता कळते अशी माझी समजूत होती. त्या समजुतीच्या जोरावर मी अर्ध्या तासात निकाल दिला: ओळी लांबलचक, यमकं ओढूनताणून, प्रतिमा तुरळक. कागदावर हे उभं राहत नाही. त्या निकालाबद्दल पुढची तीन वर्षं मला शंका आली नाही.

शंका आणली ती नोकरीतल्या एका सहकाऱ्याने. मूळचा नागपूरचा, कोड लिहिताना सतत कानात हेडफोन. मी त्याला माझा सिद्धांत ऐकवला तेव्हा तो म्हणाला, “तू वाचून काय राहिला बे? ऐक न आधी.” आणि त्याने मला नासचा ‘इलमॅटिक’ लावून दिला.

हा लेख त्या दिवसानंतर मी रॅप ऐकायला कसा शिकलो याबद्दल आहे. पण शिकताना मी एक मोठी चूक केली, आणि ती चूक मला एका गाण्यानेच दाखवली. लेख खरं तर त्या गाण्याबद्दल आहे.

* * *

पहिला धडा मोजण्याचा होता. रॅपचा ठेका चार मात्रांचा. त्या चारांच्या एका आवर्तनाला ‘बार’ म्हणतात. साधारणपणे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ‘किक’चा जाड ठोका, दुसऱ्या आणि चौथ्यावर ‘स्नेअर’चा कोरडा. एका कडव्यात असे सोळा बार असण्याची पद्धत आहे. सुरुवातीच्या काळातल्या रॅपमध्ये यमक बहुतेक चौथ्या मात्रेवर, स्नेअरच्या ठोक्यासोबत पडतं. टाळी आणि यमक एकत्र. हे एकदा कानाला सापडलं की मग गंमत सुरू होते, कारण पुढचा सगळा इतिहास हे यमक तिथून हलवण्याचा आहे.

हा ठेका आला कुठून तेही समजून घ्यावं लागलं. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क. हर्कने पाहिलं होतं की नाचणारे लोक गाण्याच्या एका विशिष्ट जागेची वाट बघत असतात. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ड्रम वाजतो ती जागा. तिला ‘ब्रेक’ म्हणतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून ब्रेक संपला की दुसऱ्या तबकडीवर तोच पुन्हा, असं करत काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवायला सुरुवात केली. रॅप या लांबवलेल्या जागेत वाढलं. म्हणजे जिथे गाणारा मुद्दाम गप्प झाला होता तिथे हे लोक बोलायला उभे राहिले. रॅपमध्ये चाल नसते ही माझी तक्रार त्यामुळे मुळातच निकालात निघाली. चाल जिथे थांबते तिथूनच ते सुरू होतं.

शब्द वाचून निकाल देण्यात काय चुकलं होतं तेही इथेच कळलं. छापलेल्या ओळीत शब्द ठोक्यावर पडलाय, ठोक्याच्या किंचित आधी आलाय की मागे रेंगाळलाय, हे दिसत नाही. आपलं इंग्रजी बहुतेक डोळ्यांनी शिकलेलं असल्यामुळे आपल्याला तर ते दुप्पट दिसत नाही. मराठी बोलताना आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत आघाताच्या अक्षराला वेळ मिळतो आणि बाकीची अक्षरं दोन आघातांच्या मध्ये दाटीवाटीने बसतात. रॅपर नेमका याच दाटीचा खेळ करतो. कुठे किती कोंबायचं, कुठे मोकळं सोडायचं, याला ते ‘फ्लो’ म्हणतात. मी शब्दकोशातले उच्चार कानात घेऊन बसलो होतो, म्हणून मला बडबड ऐकू येत होती.

‘इलमॅटिक’ १९९४चा. नास तेव्हा वीस वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या प्रचंड सरकारी वसाहतीत वाढलेला. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. त्यातल्या ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ या गाण्यात डीजे प्रीमियरने पियानोचा एक जडशीळ तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलाय. नास सुरुवातीला चाचरतो, कसं सुरू करावं कळत नाही अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, आणि मग जो सुटतो तो लवकर थांबत नाही. मी हे गाणं पहिल्या आठवड्यात पंचवीसेक वेळा ऐकलं असेल. शब्द चाळीस टक्केच कळत होते, पण जिने, लॉबी, गोळीबार, पळणं हे डोळ्यांपुढे येत होतं. वाक्यं ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या बारमध्ये सांडत होती आणि त्या सांडण्यातच पळण्याची धाप होती. ‘वन लव्ह’ हे त्याच अल्बममधलं गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. बाहेर कोण कसं आहे, काय चाललंय. पत्र हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे, त्यामुळे ते गाणं मला पहिल्यांदा पूर्ण कळलं. त्या दिवशी मी सहकाऱ्याला चहा पाजला.

* * *

दुसरा धडा यमकाचा. रकीम हा रॅपर तरुणपणी सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॉन कोल्ट्रेनच्या वादनाचा आपल्यावर परिणाम आहे असं त्याने सांगितलंय. १९८७च्या ‘पेड इन फुल’ या एरिक बी.सोबतच्या अल्बममध्ये त्याने यमक ओळीच्या शेवटातून सोडवून ओळीच्या पोटात नेलं. एका ओळीत तीन-तीन, चार-चार जागी. मराठी कानाला हे फार परकं वाटायला नको. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मांडणी असते आणि यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळतं. शेवटचा आखूड चरण मोकळा असतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा लहान चरण तसाच सुटतो. यमकाची वाट पाहायला लावून ते न देणं ही युक्ती आपल्याकडे सातशे वर्षांहून जुनी आहे. शाळेतल्या चालीवरच्या कवितांनी आपल्याला ओळीच्या टोकाशी यमक शोधायची सवय लावली आणि पोटातलं यमक ऐकणं सुटलं, असं मला वाटतं.

रॅपमधलं यमक मुख्यतः स्वरांचं असतं, शेवटच्या अक्षराचं नव्हे. मराठीत उदाहरण बनवायचं तर ‘पावसाळी रात’ आणि ‘माणसाची जात’ घ्या. रात-जात हे यमक कोणालाही दिसेल. पण त्याच्या आधीचे ‘पावसाळी’ आणि ‘माणसाची’ हे शब्द बघा: आ, आ, ई. स्वरांची सगळी माळ जुळते, व्यंजनं वेगवेगळी. चार-पाच अक्षरं अशी जुळली की कानाला ती एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. आता कल्पना करा की हा साचा आठ ओळी टिकवायचा, त्यात अर्थ नेटका ठेवायचा आणि शब्द ठोक्यावरही बसवायचे. २००४च्या ‘मॅडव्हिलनी’ या अल्बममध्ये एमएफ डूम हे इतक्या आळसावलेल्या आवाजात करतो की तो काही करतोय हे कळायलाच वेळ लागतो.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी एक प्रोग्रॅम लिहिला. गाण्याचे शब्द द्यायचे, प्रत्येक शब्दाचे उच्चार कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोफत उच्चारकोशातून घ्यायचे, आणि सारख्या स्वरमाळांना सारखा रंग द्यायचा. त्या कोशात सव्वा लाखाहून जास्त शब्द आहेत आणि आघातसुद्धा नोंदवलेले आहेत. स्क्रीनवर रंगीत गालिचा अंथरल्यासारखं दिसायचं. मला भयंकर आनंद झाला. पण जिथे माझा कान ‘वा!’ म्हणायचा, तिथे बऱ्याचदा प्रोग्रॅम ओळ कोरी ठेवायचा. कोश प्रमाण अमेरिकन उच्चारांचा. रॅपर तो शब्द तसा उच्चारतच नव्हता. शेवटचं व्यंजन गिळून, स्वर ओढून किंवा चपटा करून तो न जुळणारे दोन शब्द जुळवायचा. यमक भाषेत तयार पडलेलं नसतं, तोंडात घडतं. आणि ते घडवणारी बोली ही काळ्या अमेरिकन वस्त्यांची बोली आहे, जिला शाळा-कचेऱ्यांनी अशुद्ध म्हणून हिणवलं. ती बोली प्रमाण इंग्रजीपेक्षा यमकाला जास्त लवचीक आहे. हे कळल्यावर २०१८मधलं ‘ओढूनताणून’ हे माझं विशेषण आठवून मी ओशाळलो. ओढणं-ताणणं हीच तर कारागिरी होती.

तिसरा टप्पा संदर्भांचा. २००९मध्ये सुरू झालेल्या ‘रॅप जीनियस’सारख्या ठिकाणी रॅपच्या ओळीओळीवर लोकांनी टिपा लिहून ठेवल्या आहेत. कोणता रस्ता, कोणती टोळी, कोणत्या जुन्या गाण्याचा तुकडा, कोणत्या शब्दाचे तीन अर्थ. मी वर्षभर त्या टिपांमध्ये राहिलो. ज्ञानेश्वरीला टीका असावी तशी इथे गल्लीतल्या भाषेला टीका होती आणि मला ते मनापासून आवडलं. गाणं लावायचं, शब्द समोर ठेवायचे, टिपा उघडायच्या, ओळ ‘सुटली’ की पुढे जायचं. ऑफिसात बग सोडवतो तसंच. वर्षाच्या शेवटी मी ठामपणे म्हणू शकत होतो की मला रॅप कळतं. चूक ती हीच.

* * *

केंड्रिक लमारच्या २०१२च्या ‘गुड किड, मॅड सिटी’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याने त्याला आपला लघुपट म्हटलंय. कॉम्प्टनमधल्या एका मुलाची गोष्ट, मधे मधे संवाद, आईवडिलांचे फोनवरचे निरोप. त्यात ‘सिंग अबाउट मी, आयम डाइंग ऑफ थर्स्ट’ हे बारा मिनिटांचं गाणं आहे. पहिल्या भागात ग्रँट ग्रीनच्या गिटारचा एक मऊ तुकडा फिरत राहतो. ध्रुपदात एक विनंती आहे: मी गेल्यावर माझ्याबद्दल गाशील ना? पहिल्या भागात तीन कडवी आहेत, आणि तीन वेगळी माणसं बोलतात.

पहिल्या कडव्यात मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ बोलतो. माझा भाऊ मरताना तू त्याच्याजवळ होतास, असं म्हणून तो केंड्रिकचे आभार मानतो. आपण हे जगणं सोडू शकत नाही हेही सांगतो. तुझा अल्बम यायच्या आधीच मी मेलो तर, असं म्हणून तो पुढचं वाक्य सुरू करतो आणि गोळ्यांचे आवाज येतात. वाक्य तिथेच तुटतं. यमकसुद्धा पूर्ण होत नाही.

दुसऱ्या कडव्याला पार्श्वभूमी आहे. २०११च्या ‘सेक्शन.८०’ या अल्बममध्ये केंड्रिकने कीशा नावाच्या वेश्याव्यवसायातल्या मुलीची गोष्ट सांगितली होती. त्या गाण्याच्या शेवटी तो सांगतो की आपल्या अकरा वर्षांच्या बहिणीला समोर बसवून आपण हे गाणं ऐकवलं. म्हणजे कीशाचं आयुष्य एक धडा झालं. ‘सिंग अबाउट मी’च्या दुसऱ्या कडव्यात कीशाची बहीण बोलते. तीही त्याच धंद्यात आहे आणि ती चिडलेली आहे. माझ्या बहिणीचं नाव घ्यायला तुला कोणी सांगितलं? तिची दया करायला, तिच्यावरून दुनियेला शहाणपण शिकवायला तू कोण? माझ्यावर गाणं करायचं नाही, असं ती बजावते. आपण भक्कम आहोत, आपण पुसल्या जाणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणते. हे म्हणत असतानाच तिचा आवाज हळूहळू खाली जातो. ती बोलतेच आहे, वेग कमी झालेला नाही, राग कमी झालेला नाही, पण आवाज विरत जातो आणि शेवटी फक्त गिटार आणि ड्रम उरतात.

हे मी वरच्या परिच्छेदात जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज मला कळलं नव्हतं. मी हे गाणं आधी दहा-बारा वेळा ‘अभ्यासलं’ होतं. शब्द समोर, टिपा उघड्या. कीशा कोण, कुठल्या गाण्यातली, सगळं पाठ. पण स्क्रीनवर दुसऱ्या कडव्याचे शब्द शेवटच्या ओळीपर्यंत एकाच आकारात, एकाच ठळकपणाने असतात. ते विरत नाहीत. मी वाचत होतो, त्यामुळे मला ती शेवटपर्यंत ऐकू येत होती. आवाज खाली गेलाय हे मला माहीत होतं, टिपेत लिहिलेलं होतं. पण माहीत असण्यापलीकडे त्याचं काही झालं नव्हतं.

मग एकदा पुण्याहून सोलापूरला जाताना, रात्रीच्या बसमध्ये, फोनची बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद करून मी तोच अल्बम लावला. दुसरं कडवं आलं. ती बोलत होती आणि मला ऐकू येईनासं झालं. बसचा आवाज असेल म्हणून मी आवाज वाढवला. तरी जात होती. आणखी वाढवला. मी पुढे झुकून, कानात बोटाने इअरफोन दाबून तिचे शब्द पकडायला बघत होतो आणि तेवढ्यात ध्रुपद पूर्ण आवाजात कानावर आदळलं. मी दचकून इअरफोन काढले. शेजारचे काका जागे झाले.

त्या क्षणी जे कळलं ते टिपेत नव्हतं. एक बाई मला पुसू नका म्हणते आहे, तिला पुसलं जातंय, आणि ते पुसणं मला शारीरिकरीत्या, बोटांतून, कळलं, कारण मी तिला धरून ठेवायला बघत होतो. त्याआधीच्या दहा-बारा वेळी मी असा प्रयत्न केला नव्हता, कारण तिची माहिती माझ्याकडे होती. कीशा माझ्यासाठी एका प्रश्नमंजूषेतलं उत्तर होती. केंड्रिकने तिचा धडा केला, मी तिचा संदर्भ केला. तिच्या बहिणीची तक्रार आम्हा दोघांवर सारखीच लागू होती.

तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः बोलतो. त्याच्याकडे चोख उत्तर नाही. हे सगळं आपण का सांगतो, आपल्या नंतर आपल्याबद्दल कोणी सांगावं इतके आपण लायक आहोत का, अशा शंकांमध्ये ते कडवं फिरतं. नंतर गाणं वळण घेतं, सततच्या पळण्याची आणि तहानेची भाषा येते, आणि शेवटी एक वयस्क बाई त्या मुलांना थांबवून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेते. हा शेवट मला पहिल्या भागाइतका भिडत नाही. तक्रार एका बाईने केली होती आणि सांत्वन दुसऱ्या बाईने आणून दिलं. पहिलीचं काय झालं ते राहूनच गेलं, असं वाटतं.

* * *

आता अवघड भाग. कीशाच्या बहिणीचे शब्द कोणी लिहिले? केंड्रिकने. म्हणतो कोण? केंड्रिक, स्वतःच्याच आवाजात. आणि तिचा आवाज कधी खाली आणायचा हेही त्याच्याच हातात. त्यामुळे हे कडवं आत्मपरीक्षण आहे तितकंच ते एका पुरुषाने बाईच्या तक्रारीचंही स्वतःच सादरीकरण करणं आहे. मला वाटतं गाण्याला हे माहीत आहे. म्हणूनच त्याने तिला जिंकू दिलं नाही. जिंकू दिलं असतं तर तो उदारपणाचा देखावा झाला असता. पण गाण्याला माहीत आहे म्हणून त्याची सुटका होते असंही नाही. याच कलाप्रकारातल्या ढीगभर गाण्यांत बायका फक्त शिवी म्हणून किंवा मिरवायची वस्तू म्हणून येतात. ‘हे पात्र बोलतंय, कवी नव्हे’ असं म्हणून मी बरीच गाणी स्वतःला पटवून दिली होती. ती पळवाट प्रत्येक वेळी चालत नाही.

पण ती पूर्णपणे फेकूनही देता येत नाही. अमेरिकेत फौजदारी खटल्यांत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचल्या जातात. ‘मी मारलं’ असं गाण्यात आलं की तो कबुलीजबाब. कॅलिफोर्नियाला २०२२मध्ये कायदा करून अशा पुराव्यावर मर्यादा घालावी लागली. कादंबरीतल्या खुन्यावरून कादंबरीकाराला कोणी कोर्टात खेचत नाही. मग इथेच ‘मी’ म्हणजे तोच माणूस असं का धरलं जातं? कारण या लोकांना पात्र रचता येतं, दुसऱ्याच्या तोंडून बोलता येतं, हेच मान्य नसतं. शब्द वाचून ‘टिमकी आणि शिव्या’ म्हणणारा मी त्याच रांगेत उभा होतो, फक्त माझ्या हातात कोणाची शिक्षा नव्हती. म्हणून आता मी दोन्ही गोष्टी धरून ठेवायचा प्रयत्न करतो: पात्राचं बोलणं कबुली नसते, आणि पात्र आहे म्हणून माफीही आपोआप मिळत नाही.

ऐकणाऱ्याच्या हद्दीचा प्रश्न याला लागूनच येतो. २०१८च्या मे महिन्यात अलाबामातल्या एका महोत्सवात केंड्रिकने एका गोऱ्या चाहतीला मंचावर गायला बोलावलं. काळ्या माणसांना गुलामीच्या काळापासून दिलेली जी शिवी त्याच्या गाण्यात आहे ती तिने जशीच्या तशी म्हटली आणि त्याने गाणं थांबवलं. तेव्हा मला वाटलं होतं, शब्द तूच लिहिलेस, मग आता कांगावा कसला? आता मला ते मराठीतून कळतं. दलित कवीने स्वतःच्या जातीचं नाव, त्यामागची शिवी, कवितेत आणणं आणि माझ्यासारख्या सवर्ण घरातल्या मुलाने स्नेहसंमेलनात ती ओळ जोशात म्हणणं, यांत शब्द एकच असला तरी कृती एक नसते. गाणं पाठ असणं म्हणजे ते म्हणायचा परवाना नसतो.

हा पूल मी ओढून आणलेला नाही. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिच्या नावामागे १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सुरू झालेली ब्लॅक पँथर होती. त्याच १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्या प्रस्तावनेत तेंडुलकरांसारखा भाषेचा जाणकार आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारतो. कॉलेजात ती प्रस्तावना मला शब्दार्थांच्या यादीपुरती उपयोगी वाटली होती. आता मला तिच्यात विचारण्याची कृती जास्त दिसते: मला हे येत नाही, तू सांग. मी रॅपकडे गेलो तेव्हा विचारायला नव्हे, तपासायला गेलो होतो.

परतून मराठीत रॅप ऐकतो तेव्हा कान थोडा चिकित्सक झालेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे केलं-गेलं-मेलं, करतोय-मरतोय अशी यमकं फुकट मिळतात आणि फुकट मिळालेली असल्यामुळे पटकन शिळी होतात. ज्यांना हे कळतं ते वाक्य मोडतात, क्रियापद आत ढकलतात, किंवा वर म्हटल्याप्रमाणे स्वरांच्या माळा लावतात. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाच्या २०१९च्या ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये एमसी मवालीचं मराठी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या आवाजासोबत येतं. ज्यांच्याबद्दल गाणं आहे त्यांच्यातलाच एक माणूस गाण्यात उभा आहे. कीशाच्या बहिणीच्या प्रश्नाला हे एक उत्तर असू शकतं. एकमेव नव्हे, पण ध्रुपदाच्या खाली न दबलेलं.

हल्ली मी नवं गाणं आधी शब्दांशिवाय ऐकतो. कळलं नाही तर नाही. टिपा नंतर, त्याही विचारायच्या भावनेने. नागपूरकर मित्र म्हणतो की मी अजूनही फार विचार करतो, आणि ते खरं आहे. माझा तो रंग देणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये आहे. मध्यंतरी त्यात ‘सिंग अबाउट मी’चं दुसरं कडवं टाकून पाहिलं. प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे स्वर जुळवले, रंग भरले. शेवटची ओळ पहिल्या ओळीइतकीच ठळक आली.